चेंडू पुसायची सवय

“बाई, असलं काही शिकवायचंच कशाला?”

हर्षदाने हे उभ्याउभ्याच विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आम्हा पोरींना क्रिकेट शिकवणाऱ्या नलवडेबाई नेटच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी नुसती मान वर केली.

हर्षदा गव्हाणे आमच्या बार्शीची. भारताकडून बॅटिंगही केली आणि बोलिंगही. हातातून गेलेल्या कितीतरी मॅच हिने ओढून आणल्या. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? एक चेंडू. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!

परदेशात सेमीफायनल होती. हर्षदा टिकली असती तर मॅच आपलीच होती. चेंडू तिच्या बॅटला लागून पायाशी थांबला. हिने तो उचलला, मांडीवर घासून नीट पुसला आणि बोलरकडे टाकला. समोरच्यांनी अपील केलं. खेळ चालू असताना बॅटिंग करणाऱ्याने न विचारता चेंडू उचलायचा नसतो. नियम म्हणजे नियम. ही आऊट झाली, मागच्या पोरी पटापट गेल्या आणि आपण हरलो.

असं कोण करतं, म्हणून जगभर हसले. मी नाही हसले. आमच्या मैदानावरची कुठलीही पोरगी हेच करेल.

इथे सीझनभर लेदरचा एकच चेंडू असतो. काथ्याच्या मॅटिंगवर तो पार सोलून निघतो, ओला राहिला तर फुगून वायाच जातो. म्हणून बाईंचा दंडक आहे, चेंडू जिच्यापाशी येईल तिने तो पुसूनच पुढे द्यायचा. बोलर असो, फिल्डर असो, नाहीतर हातात बॅट असो. न पुसता दिला की मैदानाला फेऱ्या. विकेटकीपर होते तेव्हा मीही मारल्यात, बाईंना शिव्या घालत घालत. आता त्यांच्याच हाताखाली पोरींना शिकवते.

“बाई, मी तुमच्याशी बोलतेय.”

“ऐकतेय की.”

“टीममधून काढलं मला. गुडघा गेलाय. आता परत कुणी घेणार नाही... मी संपले.”

“हं.”

“आई गेली तेव्हा मी दौऱ्यावर होते. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. कशासाठी केलं हे सगळं? असं हसं करून घ्यायला?”

मला वाटलं, आता तरी काही बोलतील. चार शब्द. खेळच आहे, होतं असं कधीकधी, एवढं तरी. पण या बाईला गोड बोलता येत असतं तर आणखी काय हवं होतं!

“टीमचे कोच विचारतात, लक्ष कुठे होतं? काय सांगू त्यांना? माझं लक्ष होतं हो! हात आपोआप गेला. लहानपणापासून तुम्हीच तो तसा वळवलात.”

“वळवला.”

“मग एवढंच म्हणा. चूक तुमची होती म्हणा. मी घरी जाते. निदान झोप तरी लागेल मला.”

तेवढ्यात नेटमध्ये चेंडू एका मुलीच्या पॅडला लागून खाली पडला. तिने बॅट काखेत मारली, चेंडू उचलला आणि कुर्त्याला पुसायला लागली.

हर्षदाचं डोकंच फिरलं. नेट वर करून ती आत घुसली आणि तिने पोरीच्या हातातून चेंडू हिसकावला.

“अजून हेच? अहो, हिलाही माझ्यासारखं मारायचंय का तुम्हाला?”

आणि अंगातला सगळा जोर लावून तिने तो भिरकावला. मैदानाच्या कडेला बोअरच्या पाण्याचा चर आहे, चिखलाने भरलेला. चेंडू त्यात गेला. मुली जागच्या जागी थिजल्या.

मी आणायला निघाले. बाईंनी हातानेच मला थांबवलं.

त्या स्वतः उठल्या. कंबर धरत, थांबत थांबत चरापर्यंत गेल्या. चपला काठावर काढल्या आणि चिखलात उतरल्या. खांद्यापर्यंत हात घालून चाचपत राहिल्या. बघवत नव्हतं. हर्षदा एकदा पुढे झाली, पण तिथेच थबकली.

चेंडू सापडला. बाई तशाच माखलेल्या पायांनी परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि पदराने तो पुसायला लागल्या. शिवणीतला चिखल नखाने काढायच्या, मग पुन्हा पुसायच्या. पांढऱ्या साडीचा पदर काळाठिक्कर झाला.

हर्षदा त्यांच्या पायाशी मातीत बसली. इतकी मोठी बाई, हमसून हमसून रडली.

“बाई... एकदाच म्हणा ना.”

बाईंचे हात थांबले नाहीत.

“त्या दिवशी तिकडे पाऊस होता का गं?”

“भुरभुर होती...” हर्षदाने नाक पुसलं. “गवत ओलं होतं.”

“आणि चेंडू?”

“चेंडूही ओला होता.”

बाईंनी पदर झटकला आणि चेंडू तिच्या हातात ठेवला.

“मग पुसायलाच हवा होता.”