टिटवीचा भारी लोलक

शके अठराशे एकवीसच्या वैशाखात टिटवीने माळावर चार अंडी घातली. मुंगूस दुरूनच दिसावं म्हणून ती दुर्बीण लावून बसे, पण सगळं धूसर दिसे.

"आतला काचेचा लोलक बदला, बाई. भारीतला घ्या, मुंगसाच्या मिशा मोजाल," दुर्बिणीचं सामान विकणारा खंड्या म्हणाला. तिने चाळीस नाकतोड्यांच्या उधारीवर लोलक घेऊन बसवला. तरी धूसर ते धूसरच.

"बाई, पुढच्या भिंगावर बुरशी आहे, ती पुसा," लोलक म्हणाला. "आत येईल तेवढंच मी दाखवणार."

"चाळीस नाकतोड्यांचा माल तू, आणि खोट माझ्या भिंगात काढतोस?" टिटवीने पुसलं नाही.

मुंगूस पायाशी आलं तेव्हा दिसलं. एकही अंडं उरलं नाही.

पावसाळाभर ती नाकतोडे पकडत राहिली. दसऱ्याला चाळिसावा तिने खंड्यासमोर ठेवला.