गिळलेली शाबासकी

एका राज्यात असा नेम होता की राजाने कोणत्याही वीराची तारीफ त्याच्या तोंडावर करायची नाही. ती हुजूर-सरदाराने जाऊन सांगायची. साधा प्यादा रणधवल वीस लढाया लढून हुजूर-सरदार झाला. राजाच्या डावीकडे, एक पाऊल मागे, ही त्याची जागा. दुसऱ्यांच्या शाबासक्या त्याने शेकड्यांनी पोचवल्या. त्याची त्याला कोण सांगणार?

पुढे शूलपाणी नावाच्या तरुण सेनापतीने राज्यावर चालून आलेल्या जादूगाराच्या लोखंडी हत्तींची फळी फोडली.

"रणधवल, त्याला सांग, तुझ्यासारखा वीर आम्ही पाहिला नाही," राजा म्हणाला.

पाहिला नाही? आणि मी रोज डावीकडे उभा असतो तो कोण? रणधवलाच्या काळजात निखारा पडला. छावणीत जाऊन तो एवढेच म्हणाला, "महाराजांचा हुकूम आहे, घोड्यांना दाणा घाला."

परतून पाहतो तर सिंहासनावर राजा दगडाचा झालेला. दगडी खांद्यावर साळुंकी बसली होती. ती बोलू लागली,

"राजाचा शब्द वाटेत अडला, सरदार. जादूगाराच्या विहिरीचे पाणी आण. नागाच्या वारुळाची माती आण."

विहिरीने त्याचे हात भाजले, नागाने भाला मोडला. तरी त्याने दोन्ही आणले. त्या लेपाने राजाचे अंग सुटले. ओठ मात्र दगडच राहिले.

"आता गिळलेले आण," साळुंकी म्हणाली.

"दुसरे सांग. नागाशी पुन्हा लढतो."

"नागाला तू कधी भ्यालास? तू शूलपाणीला भितोस."

रणधवल साऱ्या फौजेपुढे उभा राहिला. त्याने राजाची शाबासकी शब्दन् शब्द सांगितली, मग म्हणाला, "ही मी अडवली. मत्सराने."

शूलपाणी हसला. "तरीच! दाणा घाला, एवढे सांगायला महाराज तुम्हाला धाडतील होय?"

फौज हसली. तेही रणधवलाने सोसले.

तिकडे राजाचे ओठ हलले. रणधवलाने आपली जागा शूलपाणीला दिली आणि तो सीमेवर गेला.

महिन्याने शूलपाणी घोडा फेकीत आला. रणधवलाने त्याच्या ओठांकडे पाहिले. हाही गिळेल का?

शूलपाणी पायउतार झाला. "महाराज म्हणतात, तुझ्या वीसही लढाया आम्हाला पाठ आहेत. सांगायला धाडू असा माणूसच आमच्यापाशी नव्हता."

त्याने एक अक्षरही गिळले नाही.