कातळावरचा तंबू

“मग माझी चूक तरी कुठं झाली, महाराज?”

सकाळपासून सारंग दिघेनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

चेतनगिरी महाराज तळ्याकाठच्या कातळावर बसून भाकरी खात होते.

सारंग तरुण मुलामुलींची निसर्गशिबिरं घ्यायचा. बारा वर्षांत कुणाला साधं खरचटलं नाही, असं चारचौघांत आवर्जून सांगायचा. गेल्या माघात याच तळ्यात त्याच्या शिबिरातली एक मुलगी बुडाली. शिट्टी होती, दोर होता, एकट्यानं पाण्यात उतरायला सक्त मनाई होती. सगळं त्यानं महाराजांना सांगून झालं होतं. चौकशीतही तो धुतल्या तांदळासारखा ठरला होता. तरी डोळ्याला डोळा लागत नव्हता. तुझा दोष नाही, एवढं महाराजांच्या तोंडून ऐकायला तो आला होता.

“आज मुक्काम कर,” महाराज म्हणाले.

त्यानं तंबू काढला. कातळात खुंटी काही शिरेना, दोन वाकल्या. मग त्यानं दोर धोंड्यांना बांधले. हात सराईत होते. तंबू असा ताठ उभा राहिला की बघणाऱ्यानं वाहवा करावी.

महाराज तंबूभोवती एक फेरी मारून आले.

“दार डोंगराकडं?”

“पाण्यावरून वारा येतो.”

झाडाचं पानही हलत नव्हतं... सारंगला स्वतःचीच लाज वाटली.

ऊन उतरलं. तुमच्या शिबिरात या वेळेला काय करतात, असं महाराजांनी विचारलं. हजेरी, सारंग म्हणाला. अंधार पडायच्या आत प्रत्येकाचं नाव पुकारायचं, हा त्याचा पहिला नियम होता.

“घे मग.”

“कुणाची?”

“त्याच शिबिराची.”

यादी त्याला तोंडपाठ होती, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. उभं राहून तो घडाघडा नावं घेऊ लागला. ओजस, मृणाल, फारूक, दत्ता... एकोणीस नावं झाली आणि तो थांबला.

“झाली?”

“...झाली.”

“होते किती?”

“वीस.”

मुलगी बुडाली त्या संध्याकाळी हजेरीत एवढ्या एकाच नावाला उत्तर आलं नव्हतं. तेव्हापासून चौकशीत, घरी, अगदी मनातसुद्धा तो तिला ‘ती मुलगी’च म्हणत आला होता. आता दिवसभरात पहिल्यांदाच तो पाण्याकडे वळला.

“रेवा,” तो कसंबसं म्हणाला. “रेवा आंबेकर...”

पाणी तसंच होतं. सारंग मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

महाराजांनी त्याला रडू दिलं. मग ते उठले, त्याच्या शेजारी पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

“हजर,” ते म्हणाले.