कात्रीने सजवलेलं पान

फार जुनी गोष्ट नाही. डबीत अजून चमकी शिल्लक होती, तेव्हाची. शकूमावशी आयुष्यात पहिल्यांदाच स्क्रॅपबुक करायला बसल्या आणि एक फोटो पानावर ठेवून चहा टाकायला उठल्या. तेवढ्यात कात्रीने कारभार हातात घेतला.

"पान कसं, उठून दिसलं पाहिजे," म्हणत तिने फोटोतल्या पाहुण्यांना बदामाच्या आकारात कापलं. त्यात एका काकांचा कान गेला.

"दुसरा आहे ना!" कात्री म्हणाली. कडेला अर्धवट आलेला कुत्राही तिने उडवला.

"मावशींना विचारलंस का?" डिंकाची बाटली पुटपुटली.

"तू चिकटव. अक्कल मी चालवते."

बाटलीने बदाम चिकटवला. चमकीने तर पाहुण्यांच्या दातांवरही हात फिरवला. सगळे एकमेकांवर खूश झाले.

मावशी कप घेऊन आल्या. त्यांनी पानाकडे एकदा पाहिलं आणि ते उलटलं. मग टेबलाखाली वाकून कुत्र्याचा तुकडा उचलला, पदराने पुसला आणि नव्या पानाच्या मधोमध ठेवला. खाली लिहिलं, 'आमचा खंडू. याचा एवढाच फोटो राहिला.'

कात्रीने तोंड मिटलं. तिला ते मिटता येतं, हे बाकीच्यांना त्या दिवशी कळलं.