महाराजांना न दिसणारी पाटी

कुंभेरीच्या बाजारात हलवायाने दुकानावर गाडीच्या चाकाएवढी लाकडी जिलबी टांगली आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला. शेजारच्या न्हाव्याने पुरुषभर लांबीचा वस्तरा लावला. मग जोडेवाला कसा मागे राहील? त्याचा जोडा रस्त्याच्या पार मध्यावर आला. एक दिवस महाराज रणधवल हत्तीवरून चालले असताना त्यांची पगडी जिलबीत अडकली. हत्ती पुढे गेला, पगडी मागे राहिली आणि महाराजांचं टक्कल साऱ्या बाजाराने पाहिलं.

संध्याकाळीच दवंडी पिटली: सगळ्या पाट्या उतरवा!

पाचव्या दिवशी महाराजांची तपकीर संपली. आता पाटीवाचून दुकान सापडायचं कसं? नोकर गावभर हिंडला आणि भलत्याच दुकानातून मिरपूड घेऊन आला. महाराज दुपारपर्यंत शिंकत होते. शिंका थांबल्यावर त्यांनी नवा हुकूम काढला. प्रत्येक दुकानावर पाटी पाहिजेच, ती साऱ्या गावाला दिसली पाहिजे, पण महाराजांच्या नजरेसमोर येता कामा नये!

हुकूम पाळला जातो की नाही हे पाहायला गुंडोपंत नावाचे पाटी-दरोगा नेमले. हे गृहस्थ फार कर्तव्यदक्ष, म्हणजे गावाला नकोसे. कुणी पाटीवर पडदा टाकला, तर पडद्याआड काय आहे म्हणून महाराजांनीच विचारलं. तेलवाल्याने पाटी आडात सोडली. वाचायला वाकलेली दोन गिऱ्हाइकं आत पडली आणि बाहेर काढल्यावर तेल न घेताच घरी गेली.

शेवटी गुंडोपंतांनी सोनबा चिताऱ्याला दरबारात उभं केलं. गावातली प्रत्येक पाटी त्याच्याच हातची. महाराज म्हणाले, दसऱ्याच्या मिरवणुकीत हुकुमाप्रमाणे एक पाटी दाखव, नाहीतर कुंचले गुंडाळ आणि राज्याबाहेर चालता हो. सोनबाचा जन्म कुंभेरीत गेला होता, शिवेपलीकडे त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं. घरी येऊन तो रडत रडत रंगाची मडकी गाठोड्यात बांधू लागला.

त्याची मुलगी बयजा दारात उभी होती.

"आबा, गाठोडं सोडा. दसऱ्याला हत्ती कोण रंगवतं?"

"आपणच की. पिढीजात मान हाय आपला."

"मग औंदा तो मी रंगवते."

दसऱ्याच्या सकाळी बयजाने हत्तीच्या सोंडेवर वेली काढल्या, कानांवर मोर काढले. महाराज रिवाजाप्रमाणे उंच चौथऱ्यावरून थेट अंबारीत बसले. मोर पाहून खूश झाले. मिरवणूक निघाली.

हत्ती समोरून येताना लोक हात जोडत. हत्ती पुढे गेला की मागे हास्याचा नुसता गडगडाट. महाराजांना वाटलं, प्रजेला आपण फारच आवडतो. त्यांनी मिशीला पीळ भरला. हत्तीच्या मागून चालणाऱ्या गुंडोपंतांना मात्र घाम फुटला होता. महाराजांच्या हत्तीच्या पार्श्वभागावर काहीतरी लिहिलंय, हे महाराजांना सांगायचं तरी कोणत्या शब्दांत?

मिरवणूक शिवेवर पोचली तेव्हा महाराजांना आठवण झाली. त्यांनी सोनबाला बोलावलं, पण पुढे आली त्याची मुलगी बयजा. सोनबा तिच्या मागे उभा होता.

"काय गं पोरी, तुझ्या बापाची पाटी कुठाय?"

"महाराज, साऱ्या गावानं वाचली."

"मग मला कशी दिसली नाही?"

"तसाच तर हुकूम होता."

महाराज हत्तीवरून उतरले. भोवताली एक फेरी मारून मागे आले आणि तिथेच थबकले. शेपटीच्या दोन्ही बाजूंना ठसठशीत पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'सर्व प्रकारच्या पाट्या रंगवून मिळतील. सोनबा चितारी, हलवाई आळी.' हत्तीने शेपटी हलवली की 'चितारी' पुसल्यासारखं दिसे आणि पुन्हा उघडं पडे.

महाराजांचा चेहरा लाल झाला. "सापडलीस! आता ती माझ्या नजरेसमोर आली. हुकूम मोडला. बापाला घे आणि चालू लाग."

सोनबाने डोळे मिटले. बयजा जागची हलली नाही.

"पाटी कुठं आली, महाराज? ती सकाळपासनं आपल्या जागी हाय. तुम्हीच उतरून, वळसा घालून तिच्याम्होरं आलात. पाटी बघायला जो आपल्या पायानं येतो, त्याला आमच्या बाजारात गिऱ्हाईक म्हणत्यात. बोला, काय रंगवायचं?"

महाराजांच्या मिशा हलल्या, मग पोट हलू लागलं, आणि ते इतके हसले की शेवटी हत्तीच्या पायाला धरून उभे राहिले. हातातलं सोन्याचं कडं त्यांनी बयजाच्या हातात घातलं, सोनबाला गळ्यातला शेला दिला आणि गुंडोपंतांकडचा हुकुमाचा कागद घेऊन तिथल्या तिथे फाडून टाकला.

मग डोळे पुसत म्हणाले, "राजवाड्याच्या दारावर माझ्या नावाची एक पाटी रंगव."

बयजाने कमरेची मापाची दोरी सोडली. "केवढी करू, महाराज?"

"बाजारातल्या सगळ्यांपेक्षा मोठी!"