चार मैलांवरची घंटा

एका गावात एक भोळा गडी होता. नाव हैबती. नाव ऐकून वाटावं, हा वाघाशी झुंज घेणार. प्रत्यक्षात वाटेत कोंबडी आडवी आली तरी हा थांबून तिला आधी जाऊ द्यायचा. त्याचा एकच गुण होता. कुणी काही सांगितलं की तो ते विसरायचा नाही. एवढा गुण त्याच्यात नसता, तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

गाव कोथळवाडी. घरात बायको अनसा आणि अंगणात सायकल. सायकल सासऱ्यांनी दिलेली. सासरे रावजीबुवा हिशेबी माणूस. सायकल देतानाच ते म्हणाले होते, "जावईबापू, नोकरीला जायला ही सायकल देतोय. नोकरी टिकली तर सायकल तुमची. सुटली तर माझी मला परत."

हैबतीचा त्या सायकलीवर भारी जीव. सकाळी उठून तो आधी सायकल पुसायचा, मग स्वतःचं तोंड धुऊन पुसायचा. फडकं एकच होतं.

तर हैबतीला नोकरी लागली. गावापासून आठ मैलांवर, नदीकाठी कौलांचा कारखाना होता. मालक नरहरशेट. कारखान्याच्या अंगणात लिंबाच्या झाडाला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. त्याच्यावर हातोडा हाणला की मैलभर ऐकू जायचं. त्यालाच सगळे घंटा म्हणत. नऊ वाजता घंटा झाली की काम सुरू, सहा वाजता झाली की बंद. घंटा झाल्याशिवाय कुणी मातीला बोट लावायचं नाही, हा मालकांचा दंडक. शंभर माणसं तो मनापासून पाळत. दंडकच तसा गोड होता.

ती घंटा वाजवायचं काम हैबतीला मिळालं. मालकांनी त्याला चावीचं घड्याळ दिलं आणि सांगितलं, "आठ मैल रोज सायकल मारायची आहे. पल्ला लांब पडत असेल तर आत्ताच सांग."

हैबती म्हणाला, "आजवर गेलो नाही मालक. गेलो की सांगतो."

पहिल्या दिवशी निघताना अनसानं त्याच्या हातात भाकरी दिली आणि बजावलं, "अहो, आता सायकलवर बसलात म्हणून ताठ्यात जाऊ नका. वडीलधारं माणूस दिसलं की खाली उतरायचं, रामराम घालायचा, मग पुढं जायचं. लोकांनी नावं ठेवायला नकोत."

"बरं," हैबती म्हणाला, "ध्यानात ठेवतो." आणि खरंच ठेवलं.

त्या दिवशी होता मंगळवार, म्हणजे बाजाराचा दिवस. दहा गावची म्हातारी माणसं रस्त्याला लागलेली. हैबती वेशीबाहेर पडला तर समोर एक आजोबा. उतरला, रामराम घातला, चढला. पायडल मारणार तोच दोन आज्या. उतरला. दोघींना वेगवेगळा रामराम घातला. चढला, तर मागून बैलगाडीत पाच म्हातारे. त्यातला एक झोपलेला होता. त्याला जागं करून रामराम घातला, कारण झोपला म्हणून काय झालं, माणूस वडीलधारंच.

कारखान्यात पोचायला बारा वाजले. शंभर माणसं लिंबाखाली पसरली होती. दोघं तर घोरत होते. हैबतीनं घाईघाईनं हातोडा उचलला आणि नऊ टोले दिले.

नरहरशेट तेवढ्यात बाहेरगावाहून येत होते. नऊचे टोले ऐकून त्यांनी वर सूर्याकडे बघितलं, मग हैबतीकडे.

"बारा वाजता नऊ वाजवतोस? रस्ता लांब पडला का तुला?"

"सांगता येत नाही मालक. सायकल आणली, पण बसायला सवडच मिळाली नाही."

त्यानं सगळं सांगितलं. मालकांनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, कामावर येताना घरी सायकलवर बसलास की इथंच उतरायचं. मध्ये कुणासाठी म्हणून उतरायचं नाही. कुणी हाका मारो, हात करो, थांबायचं नाही."

"बरं," हैबती म्हणाला, "ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो सुसाट निघाला. आजोबा, आज्या, सगळ्यांना बसल्या बसल्या रामराम. सहाव्या मैलापाशी ओढा होता. ओढ्यात एक टांगा तिरका झालेला. त्याचं चाक निखळून पाण्यात पडलं होतं, आणि गुडघाभर चिखलात नरहरशेट उभे होते. हैबतीला बघून त्यांना हायसं वाटलं. दोन्ही हात वर करून ते ओरडले, "हैबती! थांब! थांब रे!"

हैबतीनं बघितलं, मालक हाकाही मारताहेत आणि हातही करताहेत. दोन्ही गोष्टी काल सांगितल्या होत्या तशाच. त्याला मालकांचं कौतुक वाटलं. माणूस परीक्षा कशी घेतो बघा, चिखलात उभा राहून!

"फसायचो नाही मालक!" तो आनंदानं ओरडला आणि त्यांच्या धोतरावर चार थेंब आणखी उडवून पुढे गेला.

बरोबर नऊला घंटा झाली. साडेदहाला मालक आले. पायांत एकच वहाण.

"मी दिसलो नाही तुला?"

"दिसलात की. पण उतरलो नाही. एकदासुद्धा नाही." हैबतीचा चेहरा उजळला होता.

मालकांना रागवायचं होतं, पण त्यांना धाप लागली होती. ते इतकंच म्हणाले, "अरे, वाटेत माणूस पायी दिसलं की त्याला मागं बसवावं. त्याला जायचं असेल तिथं पोचवावं. ही माणुसकी झाली. कळलं?"

"बरं," हैबती म्हणाला, "ध्यानात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मैलावर त्याला पोस्टमन दिसला. खांद्याला पिशवी, पायी चाललेला. हैबतीनं ब्रेक मारला.

"बसा मागं."

"कशाला?"

"माणुसकी आहे. कुठं जायचं तुम्हाला?"

पोस्टमन हसून म्हणाला, "आता काय सांगू बाबा, मला तर सगळीकडं जायचंय."

"बसा," हैबती म्हणाला.

नऊ गावं झाली. पत्रं वाटून पिशवी रिकामी झाली. एका गावात कुणाच्या मुलीचं लग्न ठरल्याचं पत्र होतं, तिथं दोघांना लाडू मिळाला. एका गावात सासूचं पत्र होतं, तिथून दोघांना लवकर निघावं लागलं. शेवटी पोस्टमनला त्याच्या दारात उतरवून हैबती कारखान्यात पोचला, तेव्हा चार वाजले होते. सकाळची घंटा पहारेकरी सदोबानं उन्हाच्या अंदाजानं उरकून घेतली होती.

आता मात्र नरहरशेटचा पारा चढला. त्याच वेळी तालुक्याचे वैद्यबुवा कौलं बघायला आलेले, ते खुर्चीवर बसले होते. मालक त्यांना म्हणाले, "तुम्हीच सांगा वैद्यबुवा. हा रोज आठ मैल सायकल मारत येतो. तीन दिवसांत एकदाच काय तो वेळेवर आला. माणसानं कामाला किती लांब सायकलनं जावं, याला काही माप आहे की नाही?"

वैद्यबुवांनी हैबतीची नाडी बघितली. मग गुडघा दाबून बघितला. मग सायकलीचाही टायर दाबून बघितला.

"चार मैल," ते म्हणाले. "चार मैल तब्येतीला उत्तम. त्याच्या वर रोज गेलं की पल्ला लांब समजावा. काम कसं, चार मैलांच्या आत असावं."

"तेच तर!" मालक म्हणाले. "याचं काम चार मैलांवर असतं तर काही प्रश्नच नव्हता. ऐक हैबती. उद्याचा एक दिवस देतो. उद्या नऊची घंटा नऊला झाली पाहिजे, तू दम न लागता आला पाहिजेस. नाही झालं तर परवापासून येऊ नकोस. आणि उशिराचे लाड आता बंद. घंटा झाल्यावर येईल त्याला आल्या पावली परत पाठवायचं. त्याचं एक अक्षर ऐकून घ्यायचं नाही. मग तो तू अस, नाहीतर मी असो."

हैबती या वेळी जरा थांबला. एकदम इतकं सांगितलं की त्याला डोक्यात लावून ठेवायला वेळ लागायचा.

"बरं," तो म्हणाला, "ध्यानात ठेवतो."

सहा वाजता त्यानं सुटीचे टोले दिले. माणसं पांगली. मग तो लिंबाखाली बराच वेळ उभा राहिला. सायकल जाणार या विचारानं त्यानं ती दोनदा पुसून काढली. पण बघता बघता त्याचा चेहरा खुलला. तो झाडावर चढला.

फाटकात सदोबानं विचारलं, "काय रे, मागं काय बांधलंयस?"

"माझं काम," हैबती म्हणाला.

सदोबाला वाटलं, दुरुस्तीला नेत असेल. त्यानं फाटक उघडलं.

घरी आला तर ओट्यावर रावजीबुवा बसलेले. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. पोस्टमन बोलका माणूस होता. अनसाचे डोळे रडून लाल झाले होते.

"सायकल न्यायला आलोय," रावजीबुवा म्हणाले.

"उद्याचा एक दिवस थांबा मामा," हैबती म्हणाला. "आता रस्ता निम्मा झालाय."

"रस्ता निम्मा होतो कसा?"

"मालकांनी आणि वैद्यबुवांनी मिळून केला."

मोठ्या माणसांची नावं ऐकून रावजीबुवा मुक्कामाला थांबले. अनसानं डोळे पुसले आणि रात्री कौतुकानं भातावर तूप वाढलं.

चौथ्या दिवशी हैबती आरामात निघाला. मागं रावजीबुवा बसले होते, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. चार मैलांचा दगड आला तसा हैबती उतरला. दगडाशेजारी चिंच होती. चिंचेला त्यानं आदल्या संध्याकाळीच रुळाचा तुकडा टांगून ठेवला होता. हैबतीच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. त्यानं घड्याळ काढलं, काटा नऊवर यायची वाट बघितली आणि ठणाठणा नऊ टोले दिले. आसपास कुणी नव्हतं. लांब एक मेंढपाळ होता, त्यानं मान वर केली आणि परत खाली घातली.

"माणसं कुठंयत?" रावजीबुवांनी विचारलं.

"येतील," हैबती म्हणाला. "वेळेवर यायची सवय नाही त्यांना. मालक म्हणूनच चिडतात."

इकडे कारखान्यात शंभर माणसं अंगणात उभी. नऊ वाजून गेले, घंटा नाही. लिंबाला नुसती साखळी. मालक म्हणाले, कामाला लागा. माणसं म्हणाली, घंटा झाल्याशिवाय कसं लागणार, दंडक आहे. दंडक मालकांचाच असल्यामुळे त्यांना पुढे बोलता येईना. शेवटी सदोबानं मान खाली घालून कालची गोष्ट सांगितली. नरहरशेट तसेच कोथळवाडीकडे निघाले. टांग्याचं चाक अजून सुताराकडेच होतं, म्हणून पायी. मागून गंमत बघायला शंभर माणसं.

पावणेअकराला ती वरात चार मैलांच्या दगडापाशी आली. नरहरशेटचा सदरा अंगाला चिकटलेला, पगडी काखेत.

"हैबत्या!" ते गरजले. "तुझी नोकरी..."

"थांबा मालक," हैबती हात वर करून म्हणाला. त्यानं घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. "पावणेअकरा. घंटा नऊला झाली. एक मिनिट इकडंतिकडं नाही, विचारा मामांना."

"नऊला झाली," रावजीबुवा म्हणाले. "मी शेजारीच होतो. कान अजून वाजतायत."

"अरे गाढवा, मी तुला कामावरून..."

"उद्या बोला," हैबती नम्रपणे म्हणाला. "घंटेनंतर आलेल्याचं एक अक्षर ऐकायचं नाही, तुमचंच सांगणं आहे. मग तो मी असो, नाहीतर तुम्ही असा. परत जा मालक. आणि तुम्ही सगळेही. उद्या वेळेवर या."

शंभर माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली. मग पुढच्या एकानं वाकून हैबतीला रामराम घातला आणि घरची वाट धरली. बघता बघता रस्ता मोकळा झाला. एवढी शिस्त त्या कारखान्यात आजवर कुणी बघितली नव्हती.

रावजीबुवा आ वासून बघत होते. "शंभर माणसांना परत पाठवलंत! मालकालासुद्धा!" ते म्हणाले. "जावईबापू, एवढ्या मोठ्या हुद्द्याची नोकरी असेल असं वाटलं नव्हतं. सायकल तुमचीच हो. जन्मभर तुमची."

नरहरशेटचं बोललेलं आज कुणी ऐकणार नव्हतं. ते मैलाच्या दगडावर बसले आणि पगडीनं वारा घेऊ लागले. हैबतीला त्यांची दया आली. सायकल मिळालेल्या माणसाला सगळ्यांचीच दया येते. त्यानं आपली शिदोरी सोडून अर्धी भाकरी त्यांच्यापुढे ठेवली, लोट्यातून पाणी दिलं आणि शेजारी उकिडवा बसला.

"चालत आलात मालक?"

मालकांनी मान हलवली.

"कारखान्यापासून? चारी मैल?"

मालकांनी परत मान हलवली.

"तरीच." हैबतीनं हलक्या हातानं त्यांचा गुडघा दाबून बघितला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "राग मानू नका मालक. पण सायकल नसलेल्या माणसाला रोज कामावर यायला हा पल्ला फार लांब पडतो. तुम्ही जवळ कुठंतरी दुसरं काम बघा."