सांध्यावरचं गवत

"आता यात अजून काय करायला हवं, सर?"

हेरंबने हे विचारलं तेव्हा त्याच्या नखांत हिरवा रंग होता. माझ्या हातांवरची लग्नातली मेंदी उतरली. त्याचा रंग मात्र रोज ताजा.

टिपणीस सर बशीत चहा ओतत राहिले.

सर मिरजेतल्या शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. मागच्या खोलीत त्यांनी टेबलभर घाट उभा केला आहे. फोमच्या पाट्या कोरून केलेले डोंगर, एक बोगदा, एक स्टेशन, आणि त्यातून फिरणारी बोटाएवढी आगगाडी.

माझा नवरा हेरंब त्यांचा शिष्य. त्याने स्वतःचा डोंगर करून आणला होता आणि सरांच्या डोंगराला जोडला होता.

सरांचा नियम असा, की ज्याने काम पाहिलेलं नाही त्याला बोलवायचं. त्याला दोन पाट्यांमधला सांधा सापडला तर गाडी त्या पाटीवर जात नाही. पाटी घरी जाते.

याआधीची पाटी घरीच आली होती. कपाटावर असते, माझ्या रुखवताशेजारी.

"सूनबाई, पुढे या. सांधा दाखवा."

मी पाया पडायला म्हणून आले होते.

हेरंबने माझ्याकडे बघितलं. सप्तपदीतही त्याने इतक्या आशेने बघितलं नव्हतं.

दोन डोंगरांच्या मध्ये, वरून खालपर्यंत, हिरव्या रंगवलेल्या भुशाची दाट पट्टी होती. भांग पाडल्यासारखी सरळ.

मी बोट ठेवलं.

"...इथे."

"अगं, ते गवत आहे!"

"गवत रांगेत उभं राहतं का रे?" सर म्हणाले. "प्रार्थनेला?"

"पण फट दिसत नाही, सर. भिंग लावून बघा. भुसा चाळून चाळून टाकलाय."

"फट नाही दिसत. झाकलेली दिसते."

"...मग मला का नाही दिसली?"

"नव्या घरात आलेल्या माणसाला आधी हेच दिसतं."

मी खाली बघितलं. आमच्या घरी भिंतीवरच्या भेगेवर कॅलेंडर लावलं आहे. भेग तिथे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

हेरंब पाटी सोडवायला वाकला. "नेतो घरी."

"थांब."

सरांनी कटर उचलला आणि स्वतःच्या डोंगरावर, जिथे काहीच बिघडलेलं नव्हतं तिथे, एक वाकडी चीर पाडली.

"सर! अहो, तुमचा डोंगर..."

"माझाच आहे."

मग त्यांनी हिरवी पट्टी नखाने जागोजागी खरवडली. सांधा उघडा पडला. हेरंबने डोळे मिटले.

सरांनी वाळवलेला चहाचा चोथा चिमटीत घेतला. स्वतःच्या स्टेशनापासून एक पाऊलवाट काढली, वळत वळत, सांध्यावरून पलीकडे, हेरंबच्या डोंगरावरच्या देवळापर्यंत. उरलेला भुसा दोन्ही डोंगरांवर उडवला. कुठे पडतो ते बघितलंही नाही.

"आता, सूनबाई?"

मी बघत राहिले. वाट चढली, वळली, देवळाशी पोचली. काय शोधायचं होतं ते आठवायला मला वेळ लागला.

"...हा?"

सर हसले. माझं बोट त्यांच्या नव्या चिरेवर होतं.

त्यांनी बटण दाबलं. गाडी बोगद्यातून निघाली, स्टेशन ओलांडलं, आणि न अडखळता हेरंबच्या पाटीवर गेली.

हेरंब गाडीकडे बघायचं सोडून गुडघ्यांवर बसला. नाक टेबलाला लावून शोधू लागला.

"सर... माझा सांधा गेला कुठे?"

सरांनी गार झालेली बशी तोंडाला लावली.

"जातोय कुठे... शेजार मिळाला त्याला."